बीएस सुपर मारिओ यूएसए पॉवर चॅलेंज : उपग्रहावरून आलेला, फक्त जपानातला, चार भागांचा मारिओ

रेट्रोराव

मंडळी, इथे मारिओचा विषय निघतो आणि दरवेळी पहिल्याच मारिओवर येऊन थांबतो. पाईप, कासवं, पाण्यातली ती लेव्हल आणि कॅसेटमध्ये मारलेली फुंकर. आज जरा आडवाटेच्या मारिओबद्दल लिहितोय, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडी वंशावळ, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. पहिला सुपर मारिओ ब्रदर्स सप्टेंबर १९८५ चा. जून १९८६ मध्ये जपानात त्याचा दुसरा भाग आला, दिसायला पहिल्यासारखाच पण खेळायला भयानक अवघड, विषारी मशरूम काय, उलटा मागे नेणारे वार्प काय, नुसता छळ. तो निन्टेंडो ऑफ अमेरिकाच्या हॉवर्ड फिलिप्सने खेळून पाहिला आणि हा इकडे चालायचा नाही असं त्याचं मत पडलं. मग अमेरिकेला वेगळा मारिओ २ द्यायचा ठरला आणि त्यासाठी उचलला कोणता, तर जुलै १९८७ मध्ये जपानात फॅमिकॉमच्या (निन्टेंडोचं तिकडचं घरगुती गेम यंत्र) डिस्क सिस्टिमवर आलेला 'युमे कोजो : दोकी दोकी पॅनिक'. फुजी टेलिव्हिजनच्या एका मोठ्या इव्हेंटसाठी बनवलेला, दिग्दर्शक केन्सुके तानाबे. त्यात इमाजिन, लिना, मामा आणि पापा असं चार जणांचं अरबी वेशातलं कुटुंब होतं. त्या चौघांच्या जागी मारिओ, पीच, लुइजी आणि टोड बसवले, बी बटण दाबून पळायची सोय दिली, जादूच्या दिव्याच्या जागी लाल औषधाची बाटली आणली आणि १९८८ मध्ये अमेरिकेत सुपर मारिओ ब्रदर्स २ म्हणून विकला. तोच गेम सप्टेंबर १९९२ मध्ये परत जपानात आला सुपर मारिओ यूएसए या नावाने, म्हणजे पोरगं अमेरिकेत जाऊन नाव बदलून घरी आलं. १९९३ च्या सुपर मारिओ कलेक्शनमध्ये (जुने मारिओ एकत्र करून काढलेला संच) त्याला सुपर फॅमिकॉमची, म्हणजे फॅमिकॉमनंतरच्या यंत्राची, नवी छान चित्रं मिळाली.

आणि आता मुद्दा. या मारिओ यूएसएचा एक सिक्वेल आहे. १९९६ च्या मार्च-एप्रिलमध्ये आला, चार भागांत, दर आठवड्याला एक. दुकानात मिळाला नाही, डिस्क नाही, कॅसेट नाही. थेट उपग्रहावरून घरात. नाव वर दिलंय, त्यातलं बीएस म्हणजे ब्रॉडकास्ट सॅटेलाइट.

हे कसं चालायचं ते पुढच्या पोस्टमध्ये लिहितो, बायको हाका मारतेय.

बिनधास्त बंडू

पहिल्यांदाच ऐकतोय. म्हणजे गल्लीतल्या डुप्लिकेट कॅसेटवाल्यांनी जे केलं तेच निन्टेंडोने स्वतः केलं म्हणायचं, दुसऱ्याच गेममध्ये मारिओचं डोकं चिकटवायचं आणि वर दोन आकडा टाकायचा 😂

रेट्रोराव

बंडू अगदी बरोबर. ते 'सुपर मारिओ १४' आठवतंय का कोणाला? तो मुळात 'काइकेत्सु यांचामारू ३' नावाचा निन्जाचा गेम, त्याच्यावर मारिओ रंगवलेला. फरक इतकाच की निन्टेंडोच्या हातात मूळ गेम स्वतःचा होता आणि निवड उत्तम केली होती. आज शाय गाय, बॉब-ऑम्ब, बर्डो हे सगळे मारिओच्या घरचेच वाटतात ना, ते सगळे या दोकी दोकीतून आलेत.

तर सॅटेलाव्ह्यू. एप्रिल १९९५ मध्ये निन्टेंडोने सुपर फॅमिकॉमसाठी हे जोडयंत्र काढलं. प्रसारण करायचं सेंट गिगा नावाचं उपग्रह रेडिओ स्टेशन. हे स्टेशन पण एक नमुनाच होतं, १९९० च्या सुमाराचं, सुरुवातीला कार्यक्रमांची नेहमीसारखी वेळापत्रकं नाहीत, भरती-ओहोटीच्या हिशोबाने समुद्राचे आवाज आणि शांत संगीत लावायचे. ऐकायला स्वर्ग पण धंदा बसला, मग निन्टेंडोने त्यात हिस्सा घेतला आणि त्या लाटांच्या आवाजात मारिओ आणि झेल्डा (निन्टेंडोचीच दुसरी गाजलेली गेम मालिका) येऊन बसले.

बरेचसे गेम साधे डाउनलोड असायचे. पण काही होते साउंडलिंक नावाचे आणि सगळी गंमत तिथे आहे. त्यात गेमचा प्रोग्राम तुमच्या मशीनवर चालायचा पण निवेदन, पात्रांचे संवाद, बरंचसं संगीत हे त्या क्षणी उपग्रहावरून येत असायचं. म्हणजे रेडिओवर श्रुतिका चालू आहे आणि तिच्यातलं पात्र तुमच्या हातातल्या बटणांवर पळतंय. घड्याळ उपग्रहाचं. अमुक मिनिटाला निवेदक काहीतरी सांगतो आणि त्याच मिनिटाला तुमच्या पडद्यावर, शेजाऱ्याच्या पडद्यावर, अख्ख्या जपानात ज्याने लावलंय त्याच्या पडद्यावर तीच घटना घडते. तुम्ही पॉज केलं तरी निवेदक थांबत नाही. वेळ संपली की खेळ खलास, तुम्ही बॉसच्या पुढ्यात उभे असा नाहीतर पहिल्या शिडीवर.

सौ. निरुपद्रवी

रेट्रोराव, बायकोने हाक मारल्यावर पॉज होतं की नाही ते आधी सांगा, बाकी गेम नंतर 😄

माझा एक बावळट प्रश्न. डिश लागायची का याला? त्या काळात आमच्याकडे केबलवाल्याची एकच मोठी छत्री गच्चीवर, पाऊस आला की मुंग्या. आणि मुलांनी गेमसाठी स्वतःची छत्री लावली म्हणजे बापाचा खिसा किती खोल असेल?

तोक्योकर

काकू, मी देतो उत्तर. मी तोक्योत निशी-कसाईला राहतो (हो, तेच, जिथे निम्मी बिल्डिंग आपलीच). जपानात तेव्हा उपग्रह टीव्ही बऱ्यापैकी घराघरात होता, बाल्कनीला छोटी डिश सर्रास दिसायची. तरीपण लागायचं काय काय बघा, डिश, बीएस ट्यूनर, सुपर फॅमिकॉम, सॅटेलाव्ह्यू आणि वर सेंट गिगाचा करार. सॅटेलाव्ह्यू सुरुवातीला दुकानात नव्हतंच, पोस्टाने मागवायचं, किंमत अठरा हजार येनच्या आसपास.

अकिहाबाराच्या एका जुन्या गेमच्या दुकानात काचेमागे मांडून ठेवलेलं पाहिलंय. खाली राखाडी रंगाचा चपटा डबा, त्याच्यावर सुपर फॅमिकॉम बसवलेला, कारण जोडणी कन्सोलच्या पोटाखालच्या पोर्टला. वर नेहमीच्या खाचेत एक बीएस-एक्स नावाची कॅसेट आणि त्या कॅसेटच्या डोक्यावर अजून एक खाच, त्यात छोटंसं मेमरी पॅक. तीन मजली इमारत म्हणा ना. दुकानदाराला हात लावू का विचारलं तर त्याने इतक्या नम्रपणे नाही म्हटलं की मीच सॉरी म्हणून निघालो.

त्या बीएस-एक्समध्ये मेनू वगैरे नाही, आख्खं एक गाव आहे. तुम्ही आपलं पात्र निवडायचं, मुलगा की मुलगी, नाव द्यायचं आणि गावात हिंडायचं. एकेका घरात शिरलं की तिथे आज काय प्रसारित होतंय ते मिळतं. कथा अशी की या गावाचं नावच चोरीला गेलंय. सॉफ्टवेअरवाल्याने असा मेनू आज क्लायंटला दाखवला तर दुपारपर्यंत प्रोजेक्टवरून काढतील, पण काय कल्पना आहे राव.

रेट्रोराव

वा तोक्योकर, क्या बात है. आणि तेच पात्र मग बीएस झेल्डामध्ये नायक म्हणून यायचं, झेल्डाचा नेहमीचा नायक लिंक याच्या जागी. ऑगस्ट १९९५, चार आठवडे चार भाग. ते जमलं म्हणून मग मारिओ यूएसएला तोच साचा लावला.

आता खुद्द गेम. चित्रं आणि एकूण मालमसाला सुपर मारिओ कलेक्शनमधल्या यूएसएचा. मूळ कथेत मारिओला स्वप्नात एक दार दिसतं, पलीकडे सबकॉन नावाचा स्वप्नांचा देश आणि तो बळकावून बसलेला बेडकांचा राजा, इंग्रजीत वार्ट, जपानीत मामू. पॉवर चॅलेंजमध्ये हा मामू परत येतो. प्रत्येक भागात नेहमीच्या प्रवासाबरोबर एक नवीन काम, लेव्हलमध्ये लपवलेले मारिओचे सोनेरी पुतळे शोधायचे. आणि कानावर तो थेट आवाज.

ज्यांनी मारिओ २ खेळला नाही त्यांना या गेमची चव कळणार नाही म्हणून सांगतो. यात शत्रूच्या डोक्यावर उडी मारली तर तो मरत नाही, तुम्ही त्याच्यावर उभे राहता, मग त्याला उचलायचा आणि दुसऱ्यावर फेकायचा. जमिनीत गवताचे झुपके असतात ते उपटायचे, खाली सलगम, गाजर, कधी बॉम्ब, कधी लाल बाटली. बाटली आपटली की तिथे दार उभं राहतं, आत सगळं काळोखी आणि उलटं आणि आत जे गवत उपटाल त्याची नाणी. मशरूमही तिथेच लपलेलं, ते मिळालं की जीव वाढतो. पण आत थांबायला मोजके सेकंद, त्यामुळे बाटली कुठे आपटायची याचं सगळं डोकं. आणि शेवटी मामूला मारायचं कसं, तर स्वप्नं बनवणाऱ्या यंत्रातून भाज्या उडतात त्या झेलायच्या आणि त्याच्या तोंडात कोंबायच्या. भाज्या न खाणाऱ्या पोरांसाठी आदर्श व्हिलन.

अशा गेममध्ये सोनेरी पुतळे म्हणजे नुसती सजावट नाही, कारण इथे प्रत्येक कोपरा उकरायची आधीच सवय असते. मात्र इकडे उकरत बसलात तर घड्याळ पुढे.

बिनधास्त बंडू

सगळं छान पण मला हा सिक्वेल वाटतच नाही. त्याच लेव्हल, तीच चित्रं, वर पुतळे पेरले, एका माणसाला माईकसमोर बसवला. याला आपण एक्स्पान्शन पॅक म्हणतो, तेही ऑफरमध्ये फुकट आलेलं. जपानात आला आणि गायब झाला म्हणून त्याला भाव, उद्या हाच निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानात, ईशॉपवर, पाचशे रुपयांना आला तर दोन तासात कंटाळाल आणि रेटिंग द्याल तीन स्टार.

रेट्रोराव

नुसता प्रोग्राम पाहिला तर तू म्हणतोस ते शंभर टक्के खरं. तीनसुद्धा देणार नाही मी, अडीच. पण माझं म्हणणं हेच आहे की नुसता प्रोग्राम म्हणजे तो गेम नाहीच. तो एक कार्यक्रम होता. ठरलेला वार, ठरलेली वेळ, एक आवाज आणि ऐकणारे हजारो जण एकाच मिनिटाला एकाच स्वप्नात. आज लोक फोर्टनाइटमध्ये लाइव्ह कॉन्सर्ट झाली म्हणून नाचतात, हे १९९६ साली, सोळा-बिटवर, आणि तेही जपानात निन्टेंडो ६४ हे नवं यंत्र यायला तीनच महिने उरलेले असताना. जूनमध्ये मारिओ ६४ आला आणि मग या बिचाऱ्याकडे कोण बघतंय.

केबल_कनेक्शन

मध्येच बोलतो. माझं काम ब्रॉडकास्टमधलं, त्यामुळे मला यात सगळ्यात भारी वाटतं ते मेमरी पॅक. आठ मेगाबिट, म्हणजे आपल्या भाषेत एक एमबी. आज व्हॉट्सॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा गुलाब त्यात मावणार नाही. नवीन काही उतरवायचं तर जुनं पुसायचं. म्हणजे दुसऱ्या आठवड्याचा मारिओ आला की पहिल्या आठवड्याचा गेला, ज्याच्याकडे जास्त पॅक होते त्याचं राहिलं. शिवाय काही गेमना मर्यादा असायची, इतक्या वेळाच चालू होणार, मग बंद.

आणि आवाज तर पॅकमध्ये कधी गेलाच नाही. तो उपग्रहावरून आला, टीव्हीच्या स्पीकरमधून बाहेर पडला, संपला. कोणी व्हीसीआर लावून रेकॉर्ड केला असेल तरच तो आज आहे.

तोक्योकर

म्हणून तर इकडे लोक लिलावात जुनी मेमरी पॅक विकत घेतात, आत काय आहे माहीत नसताना. बहुतेकांत काहीतरी फालतू निघतं. एखाद्यात मात्र तीस वर्षांपूर्वी कोणीतरी पुसायचं विसरलेला डेटा. या गेमचा डेटाही अशाच पॅकांतून बाहेर आलाय. लॉटरीचंच व्यसन हे, फक्त इथे बक्षीस लागलं तर ते सगळ्यांना वाटायचं असतं. सगळेच वाटत नाहीत म्हणा, काही कलेक्टर कपाटात कुलूप लावून बसतात, त्यांच्याबद्दल इथे लिहिलं तर ॲडमिन पोस्ट उडवेल.

सौ. निरुपद्रवी

मला यावरून आपलं वर्ल्डस्पेस आठवलं, तो उपग्रह रेडिओ. कोणाकडे होतं का? आमच्याकडे होतं. खिडकीत ती छोटी ॲन्टेना एका विशिष्ट कोनात, कोणी पडदा सरकवताना हात लावला की घरात महाभारत. गंधर्व चॅनलवर दिवसभर शास्त्रीय. ३१ डिसेंबर २००९ ला भारतातलं प्रसारण बंद केलं आणि रिसीव्हर झाला पेपरवेट. वर्गणी भरलेली होती ती वेगळीच. माझ्या सासऱ्यांनी काही राग कॅसेटवर घेऊन ठेवले होते, पण मधली निवेदनं नको म्हणून नेमकं तिथे पॉज करायचे. आता ती निवेदनंच ऐकावीशी वाटतात.

रेट्रोराव

काकू हे सोन्यासारखं उदाहरण दिलंत, आणि सेंट गिगाचं पण तसंच झालं. १९९९ मध्ये निन्टेंडोने अंग काढून घेतलं, पुढे वर्षभर जुनंच पुन्हा पुन्हा लावत राहिले आणि ३० जून २००० ला सॅटेलाव्ह्यूचं प्रसारण कायमचं बंद. ती तीन मजली इमारत जागेवरच, फक्त त्या गावातल्या घरांत आता कोणी नाही.

एक_प्रश्न_होता

मग आता खेळायचा कसा? लिंक द्या ना कोणीतरी.

केबल_कनेक्शन

लिंक इथे मिळणार नाही, धाग्याला टाळं लागेल. कॉपीराइट निन्टेंडोचाच आहे आणि त्यांचे वकील जागे असतात. कोरडी माहिती देतो. सॅटेलाव्ह्यूची नक्कल करणारे एम्युलेटर आहेत. पण साउंडलिंक गेम नुसता उघडून चालत नाही, तो उपग्रहाच्या घड्याळाची वाट बघतो. म्हणून चाहत्यांनी पॅच केलेत, घड्याळाची अट काढून टाकायची किंवा खोटं घड्याळ द्यायचं. झेल्डाच्या बाबतीत तर लोकांनी व्हीएचएसवरचे आवाज साफ करून गेमला परत जोडलेत, मिनिटाला मिनिट जुळवून. आवाजाशिवाय खेळलात तर काय होतं, मारिओ चालतोय, भाज्या उपटतोय, आणि मध्येच काहीतरी घडतं पण का घडलं ते सांगणारा कोणी नाही.

बिनधास्त बंडू

ओके, हे जरा पटलं. घड्याळाची वाट बघणारा गेम हे वाक्य ऐकून अंगावर काटा आला. पण रेट्रोराव, मग तुमच्याच हिशोबाने पॅच करून खेळणं म्हणजे पण तो गेम नाहीच की. घड्याळ काढलं, हजारो लोक काढले, उरलं काय?

रेट्रोराव

नाहीच. पण नाटकाची संहिता छापतात म्हणून कोणी प्रयोग झाला असं म्हणत नाही, तरी छापतातच ना. माझा आक्षेप वेगळा आहे. निन्टेंडोकडे मूळ मास्टर असेल तर तो काढायला काय जातंय? आपल्या जुन्या गेमची ऑनलाइन लायब्ररी चालवतात, वर्गणी घेतात, त्यात महिन्यातून एकदा, रात्री आठला, एक तास हा मारिओ लावा, आवाजासकट, पॉज नाही. लोक कामं टाकून येतील. तांत्रिक अडचण शून्य. अडचण असलीच तर आवाज देणाऱ्या कलाकारांच्या आणि संगीताच्या हक्कांची, ती कागदपत्रं सेंट गिगाबरोबर कुठे गेली असतील तर बोंब. माझा अंदाज, पुरावा मागू नका.

तोक्योकर

जाता जाता एक. हा मामू मारिओशिवाय दुसरीकडेही भेटतो, १९९३ च्या झेल्डात, गेमबॉयवरच्या लिंक्स अवेकनिंगमध्ये. पैसे घेऊन लिंकला गाणं शिकवतो. आणि ते बेटही शेवटी स्वप्नच निघतं. स्वप्नात दुकान टाकायची याची जुनी सवय दिसतेय. (स्पॉयलर दिला म्हणून ओरडू नका, तीस वर्षं होऊन गेली.)

एक_प्रश्न_होता

दिलातच स्पॉयलर 😭 मी गेल्याच आठवड्यात निन्टेंडो स्विचवर घेतलाय तो

सौ. निरुपद्रवी

असू दे रे, गाणं तरी शिक. बरं मला सांगा, हा साधा मारिओ २ माझ्या मुलाच्या स्विचवर आहे म्हणतो. सुरुवात कोणाला घेऊन करू? तो म्हणतो पीच, ती हवेत तरंगते म्हणून.

रेट्रोराव

पीच नवख्यांसाठी एकदम योग्य काकू. उडी चुकली तरी तरंगत जाता येतं. मी स्वतः लुइजीवाला, उंच उडी आणि हवेत ते पाय झाडणं, त्याला तोड नाही.

बिनधास्त बंडू

लुइजी घसरतो किती पण. उतरल्यावर बर्फावर असल्यासारखा. मारिओ घ्या, सगळं बेताचं.

केबल_कनेक्शन

टोड. भाजी सगळ्यात झटपट तोच उपटतो आणि ओझं घेऊन सगळ्यात जोरात तोच पळतो. उडी मारता येत नाही धड, मान्य. पण आख्खा गेम भाज्या उपटण्याचा आहे आणि तुम्ही लोक उड्या मोजताय.